यांजमाची जीप विकायला काढली त्याची गोष्ट

यांजमाच्या जीपचा डावा दरवाजा आपटायचा नसतो. थोडा वर उचलायचा, आत ढकलायचा आणि मग हळूच खाली सोडायचा. बोर खिंडीच्या दोन्ही अंगांच्या माणसांना हे पाठ आहे. तरीही कुणी ना कुणी तो आपटतोच, आणि मग यांजमा त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करते. तिच्या जिभेला हाड नाही. पण तिच्या हाताबद्दल कुणी वावगं बोललं, तर आमच्याकडच्या एकाही गेरमध्ये, नमद्याच्या गोल तंबूत, त्याला चहा मिळायचा नाही.

जीप रशियन. मूळ रंग कोणता यावर गावात दोन तट आहेत. एक म्हणतो हिरवा, दुसरा म्हणतो राखाडी. बॉनेट एका मेलेल्या जीपचं, उजवा दरवाजा दुसरीचा, मागची सीट तालुक्याच्या जुन्या सिनेमागृहातली. सरकारनं चालवलेले सहकारी कळप मोडले आणि जनावरं, सामान, सगळं वाटून टाकलं, तेव्हा कुणाच्या वाट्याला मेंढ्या आल्या, कुणाच्या वाट्याला उंट. यांजमाचा नवरा साम्बू सहकारीचा ड्रायव्हर, त्यानं हट्टानं जीप मागून घेतली. लोक हसले. "मेंढ्यांना कोकरं होतात, यांजमा, तुमच्या जीपला काय होणार?" यांजमा म्हणाली, "खर्च."

तेव्हा तिला स्क्रूड्रायव्हर आणि पाना यांतला फरकही माहीत नव्हता. पण साम्बूचे पंजे होते रुंद, आणि इंजिनाच्या मागच्या फटीत ते शिरत नसत. यांजमाचा हात बारीक. म्हणून साम्बू जमिनीवर बसून सांगायचा आणि ती फटीत हात घालून करायची. काही वर्षांनी तो सांगायच्या आधीच ती करू लागली. आणखी काही वर्षांनी त्यानं सांगणंच सोडलं, नुसता बसून तंबाखू ओढायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "बघा, मी दुरुस्त करतोय."

साम्बू गेल्यावर लोकांना वाटलं, आता जीप गेरमागं उभी राहील आणि तिच्यात कोंबड्या नाहीतर कोकरं बांधली जातील. यांजमानं एक हिवाळा कसाबसा काढला आणि वसंतात हँडल मारून जीप सुरू केली. त्यानंतर ती थांबली नाही. दगड लागून पेट्रोलची टाकी फुटली, तर कपडे धुवायचा साबण मळून भोकावर थापायची, कारण साबण पेट्रोलला दाद देत नाही. पॅकिंग फाटलं, तर साम्बूच्या जुन्या बुटाचं चामडं कापून नवं करायची. त्या बुटांची आता फक्त टाच उरली आहे, बाकीचा साम्बू इंजिनात जिकडे तिकडे बसलेला आहे असं ती स्वतःच म्हणते. चाकावरचा पोलादी पाटा मोडला, तर लाकडाची फळी लावून कातडी वादीनं आवळायची, मोडलेला पाय बांधतात तसा. ठिणगी पाडणारे पॉइंट काळे पडले, तर काडेपेटीची खरखरीत बाजू घासायची. यात मोठी विद्या काही नाही, आमच्याकडे जीप असलेला प्रत्येक जण यातलं थोडंफार करतो. यांजमाचं वेगळेपण असं की ती घाई करत नाही. आधी ऐकते. मग पालथा हात सगळीकडे फिरवते, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. जीप बिघडली असं ती कधी म्हणत नाही. दमली, म्हणते.

आणि रस्त्यात कुणाचंही बॉनेट उघडं दिसलं की ती थांबणारच. थांबतात तसे आमच्याकडे सगळेच. माळावर उघडं बॉनेट दिसलं आणि पुढं निघून गेला, असा माणूस अजून जन्मायचा आहे. पण बाकीचे थांबतात, उकिडवे बसतात आणि सल्ले देतात. यांजमा आपली बाही वर सारते.

तर अशा या बाईची जीप विकायची ठरली, आणि ठरवली तिच्या पोटच्या पोरानं.

गोंबो तिचा एकुलता एक. शहरात बसच्या आगारात मुकादम. चाळिशी गाठलेला, पोट सुटत चाललेला, मनानं चांगला, पण काळजी करायची सवय. मागच्या हिवाळ्यात त्याच्या आगारात आमच्याकडचा एक माणूस भेटला आणि त्यानं हसत हसत एक किस्सा सांगितला. यांजमा बोर खिंडीत बर्फाच्या वादळात सापडली, फॅन बेल्ट तुटला, तिनं अंगातल्या देलचा, लांब अंगरख्याचा, रेशमी कमरपट्टा सोडला, पिळून पिळून त्याचा दोर केला आणि तोच बेल्ट म्हणून चढवला. वादळ उतरेपर्यंत रात्रभर तिथंच बसून राहिली आणि सकाळी कमरेला बकरीचं दावं बांधून घरी आली. "काय बाई आहे!" म्हणून तो माणूस मांडीवर थाप मारून हसला. गोंबो हसला नाही. त्या रात्री आई खिंडीत बसली होती तेव्हा आपण गरम खोलीत टीव्हीवर कुस्त्या बघत होतो, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. आईनं त्याला यातलं अवाक्षर सांगितलेलं नव्हतं.

पांढऱ्या महिन्याच्या, नव्या वर्षाच्या सणाला तो घरी आला. वडीलधाऱ्यांना भेटणं, मांस भरून उकडलेले बूज खाणं, सगळं रीतसर झालं. पाहुणे पांगल्यावर तो म्हणाला, "आई, जीप विकायची. मेंढ्या काका सांभाळेल. तू माझ्याकडे चल."

"मी मेले की वीक."

"तू मरू नयेस म्हणूनच विकतोय!"

"तुझ्या बसा वीक आधी. धूर बघ किती सोडतात."

"आई, मी चेष्टा करत नाहीये. तुझं वय काय, ती खिंड काय! तुला तिथं काही झालं असतं तर मला कळलं कधी असतं? वसंतात?"

यांजमाच्या तोंडात उत्तर तयारच होतं, पण ते बाहेर आलं नाही. कारण गोंबो चुलीपाशी बसल्या बसल्या रडायला लागला. मोठ्या माणसाचं रडणं, नाक ओढत, तोंड फिरवून. लहानपणानंतर तिनं त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. ती बराच वेळ चुलीत गोवऱ्या सारत राहिली.

"बरं," ती म्हणाली.

जिल्ह्याच्या गावी एक माणूस होता, त्याला अशी जुनी जीप हवी होती. बघतो, पसंत पडली तर ठेवून घेतो, असं त्यानं फोनवर सांगितलं. दोन दिवसांनी सकाळी यांजमानं नेहमीप्रमाणे पाणी तापवलं, रेडिएटरमध्ये ओतलं, आणि हँडल मारायला वाकली.

आमच्याकडे हिवाळ्यात जीप असणं म्हणजे रोज संध्याकाळी तिचं पाणी काढणं आणि रोज सकाळी भरणं. शहरात थंडीत न गोठणारं हिरवं औषध घालतात, मग विसरलं तरी चालतं. इथं विसरलं की रात्रीत पाण्याचा बर्फ होतो आणि लोखंडाचा ठोकळा मधोमध तडकतो. म्हणून जीप कुणाचीही असो, थंडीत फार वेळ उभी दिसली की ज्याला दिसेल तो तोटी उघडून पाणी सोडतो. विचारत बसत नाही. पाहुण्याची जीप असली तर यजमान ते पाणी बादलीत धरतो, चुलीपाशी ठेवतो आणि निघताना गरम करून परत भरून देतो. पाहुण्याच्या घोड्याला दाणा घालावा, तशी ही रीत.

"मी चालवतो," गोंबो म्हणाला आणि हँडल तिच्या हातातून घेतलं. यांजमा उजव्या बाजूला जाऊन बसली. तिची जाऊ लाकडी डाव घेऊन बाहेर आली आणि वाट सुखाची व्हावी म्हणून जीपमागं दूध शिंपडू लागली. शिंपडता शिंपडता तिला रडू फुटलं. यांजमानं मागं पाहिलं नाही.

वाटेत नावान म्हाताऱ्याची गेर लागते. तिथं न थांबता पुढं जाणं म्हणजे त्याच्याशी उभं वैर घेणं, म्हणून थांबले. नावान साम्बूचा दोस्त. कानानं अधू, पण बोलायला कमी नाही. त्याची बायको दोल्गोर यांजमाला बघताच बुजाचं पीठ मळायला बसली. जीप विकायला चालली आहे हे कळल्यावर तिचे हात पिठातच थांबले.

"विकताय?" नावान ओरडला. "ही जीप? आणि यांजमानं शहरात जाऊन करायचं काय? लिफ्ट चालवायची?"

"आराम करेल, आबा," गोंबो म्हणाला.

"आराम मेल्यावर असतोच की!"

बाहेर वारा वाढत होता. बूज उकडायला वेळ होता. नावान बराच वेळ पुटपुटत बसला, मग घोडा बघून येतो म्हणून उठला. आमच्याकडे पोट हलकं करायला जाणाराही असंच म्हणतो, त्यामुळं कुणी विचारलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या हातात वाफाळती बादली होती. ती त्यानं चुलीमागं ठेवली. गोंबोला वाटलं, वासरांसाठी असेल. यांजमानं तर पाहिलंच नाही. ती मान खाली घालून दोल्गोरला बूज वळू लागत होती आणि दोल्गोर तिच्या कानात काहीतरी सांगून डोळे पुसत होती.

"तुझा बाप असता ना," नावाननं पुन्हा सुरुवात केली, "तर त्यानं तुला या जीपच्या मागं बांधून खिंडीपर्यंत पळवला असता."

गोंबोचा चेहरा लाल झाला. काल रात्री त्याला झोप आली नव्हती, आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, आणि आता हा म्हातारा. "चल आई," तो उठला. "उशीर होतोय." वाटीतला चहा अर्धा तसाच राहिला.

"अरे, पण बूज!" दोल्गोर म्हणाली.

"येताना," गोंबो म्हणाला, आणि येताना जीप असणार नाही हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो दाराबाहेर पडला होता. नावान रुसून पाठ फिरवून बसला. यांजमा मुलाच्या मागून गेली. ती इतकी दुखावलेली होती की निघण्याआधी वाकून जीपखाली बघायचं, एवढ्या वर्षांत एकदाही न चुकलेलं काम ती त्या दिवशी विसरली.

जीप सुरू झाली. माळ पांढरा, आभाळ पांढरं, आणि लांब समोर खिंडीची तपकिरी रेघ. तापमानाचा काटा साम्बूच्या काळापासून मेलेला, तो काय सांगणार? पण थोडं अंतर गेल्यावर यांजमानं हातमोजा काढून, इंजिनातल्या गरम पाण्यावर चालणाऱ्या हीटरच्या जाळीपुढं हात धरला.

"थांब," ती म्हणाली.

"काय झालं?"

"वारा गार येतोय. थांब."

"खिडकीतून येत असेल. या जीपला भिंती तरी आहेत का?"

"गोंबो, थांब म्हणते ना!"

"आई, तू आता दर कोसावर थांबवणार आहेस. मला कळतंय का ते. आणि तुला काय वाटतं, मला बरं वाटतंय हे करताना?"

तेवढ्यात इंजिनातून ठक ठक आवाज आला आणि तापलेल्या रंगाचा वास आत भरला. आता गोंबोलाही कळलं. त्यानं जीप थांबवली, उडी मारली, बॉनेट उघडलं. आतून भट्टीसारखी धग आली. रेडिएटरचं झाकण फडक्यानं फिरवलं, तर आत थेंब नाही. आगारात पंधरा बसा सांभाळणारा मुकादम. पण इथं, या वाऱ्यात, आईला घेऊन, त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं ओंजळीत बर्फ भरला आणि इंजिनावर टाकायला धावला.

यांजमानं त्याच्या हातावर अशी चापट मारली की बर्फ उडून तिच्याच तोंडावर आला.

"तापल्या लोखंडावर बर्फ टाकतोस? तडकलं तर मग खरंच इथं वसंतापर्यंत बसू!"

ती पाठीवर आडवी झाली आणि जीपखाली सरकली. खालून हसण्याचा आवाज आला. गोंबोला वाटलं, आईला वेड लागलं.

"उघडीय!" ती खालून म्हणाली. "तोटी उघडीय. नावाननं पाणी सोडलं आपलं. ती बादली रे!"

"म्हाताऱ्यानं? मारलं असतं ना आपल्याला त्यानं!"

"त्यानं रीत पाळली. बूज शिजेपर्यंत पाहुणे बसणार, जीप गार पडणार, म्हणून सोडलं. माणसासारखे बसून खाल्लं असतं, तर त्यानंच भरून दिलं असतं. तू ताडकन उठलास. तो रुसला आणि विसरला." मग तोटी बंद करता करता तिचा आवाज थोडा उतरला. "आणि मीही खाली बघितलं नाही. माझीही चूक आहे. चल, माझी पिशवी काढ."

पिशवी म्हणजे गोवऱ्यांचं पोतं, काळा डबा, आणि चिंध्यांत गुंडाळलेली हत्यारं. यांजमानं जीपच्या आडोशाला तीन दगड मांडले, गोवऱ्या रचल्या, वर बर्फ भरलेला डबा चढवला. मग इंजिनाकडे वळली. पाण्याच्या वरच्या नळीचं रबर तापून मऊ पडलं होतं आणि एका जागी चिरलं होतं. तिनं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली, ताणून ताणून चिरेवर गुंडाळली आणि वरून तार पिळली.

"आवळ," ती म्हणाली. "माझ्या बोटांत आता तेवढा जोर नाही. हळू. रबर कापू नकोस. आता अर्धा फेरा. बस."

गोंबोनं आवळलं. एवढं साधं काम करताना त्याचा थरकाप थांबला, हे त्याच्या लक्षात आलं नाही. यांजमाच्या आलं.

"आता?"

"आता वाट बघायची. गार होऊ दे तिला. दमलीय."

दोघं आडोशाला पोत्यावर टेकून बसले. डब्यातला बर्फ खाली खाली बसत होता. एवढा मोठा डबा भरून बर्फ घातला, तरी त्याचं पाणी होतं वाटीभर. यांजमा पुन्हा पुन्हा भर घालत होती आणि दर थोड्या वेळानं उठून पालथा हात इंजिनावर ठेवून येत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, नाही असं नाही. पण विकायला 'बरं' म्हटल्यापासून तिच्या चेहऱ्यावर जे मेलेपण आलं होतं, ते गेलं होतं. गालावर काजळी, नाकाच्या शेंड्यावर ग्रीस. गोंबो तिच्याकडे बघत राहिला. गेल्या चार दिवसांत आपण आईला पहिल्यांदाच बघतोय, असं त्याला वाटलं.

इतक्यात माळावर एक ठिपका दिसला. ठिपक्याचा घोडा झाला, घोड्यावर नावान झाला, आणि त्याचा आरडाओरडा त्याच्या आधी येऊन पोचला. छातीशी त्यानं मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेला दुधाचा कॅन धरला होता, खोगिराला दोन थर्मास लटकत होते. कॅनमधलं पाणी हिंदकळून त्याचा एक बूट बर्फानं पांढरा झाला होता.

"जिवंत आहात का?" तो लांबूनच ओरडला. "दोल्गोर विचारते, ही बादली कुणाची? मी म्हटलं, देवा! मोटारसायकलला लाथा मारमारून पाय मोडला, सुरू होईना मेली. मग घोडा घेतला. अगं यांजमा, अगं पोरी, मी तुम्हाला मारलं असतं!" उतरता उतरता म्हातारा खरंच रडवेला झाला होता.

"मेलो नाही, आबा," यांजमा म्हणाली. "तुमचं पाणी आणा इकडं. ओतू नका, मी ओतते."

तिनं आधी डब्यातलं कोमट पाणी थोडं थोडं सोडलं आणि कान लावून ऐकलं. मग कॅनमधलं. तरीही रेडिएटर भरेना. तिनं थर्मास उघडला.

"ते पाणी नाही," नावान म्हणाला. "दोल्गोरनं चहा भरून दिलाय. दुधाचा."

"मीठ आहे?"

"मिठाशिवाय चहा असतो का?"

"मग जीपला आवडेल," म्हणून यांजमानं तो ओतलासुद्धा. गोंबो हसला. हसायचं नव्हतं, पण आलं. दुसरा थर्मास तिनं त्याला दिला, "हा तू पी. सकाळी अर्धा टाकून आलास."

हँडल गोंबोनं मारलं. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा जीप खोकली, थरथरली आणि चालू झाली. नळीतून थेंब गळला नाही. यांजमा थोडा वेळ ऐकत उभी राहिली, मग मान हलवली. नावाननं जीपच्या बॉनेटवर हात ठेवून कपाळ टेकवलं.

आता निघायचं. गोंबो डाव्या दरवाज्यापाशी उभा राहिला, पण चढला नाही. वारा अंगाला झोंबत होता. जिल्ह्याच्या गावची वाट खिंडीतून पुढं जात होती.

"आई, खिंडीतल्या त्या रात्री तुला भीती वाटली होती?"

यांजमा हत्यारं चिंध्यांत गुंडाळत होती. "वाटली की. दातावर दात बसत नव्हता, आणि तो काही नुसत्या थंडीनं नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू असाच रडला असतास."

यांजमानं गुंडाळी पायाशी ठेवली आणि त्याच्याकडे वळली. एरवी फटाफट बोलणारी बाई, आता शब्द शोधत होती.

"पण त्या भीतीला काम होतं रे. बॉनेट उघडलं, बेल्ट तुटलेला दिसला. कमरपट्टा सोडला, पिळला, चढवला. नाही बसला, पुन्हा पिळला. हात चालत राहिले आणि थोड्या वेळानं बघते, तर भीती कमी झालेली. तुझे बाबा गेले तेव्हा मी तुझ्याकडे येऊन राहिले, आठवतं? नवव्या मजल्यावर. सून गुणाची, नातवंडं गोड, नळाला गरम पाणी. तुमचं कुणाचं काही चुकलं नाही. आणि मला रोज भीती वाटायची. सकाळी तुम्ही सगळे गेलात, दार लागलं, की सुरू व्हायची. कसली ते कळायचं नाही. मी या खोलीतून त्या खोलीत हिंडायचे. कपाटं उघडायचे, नळ सोडून बघायचे. सगळं नीट होतं. तिथं उघडून बघावं असं काही नव्हतं, गोंबो. बिघडले होते ते मीच."

नावानला ऐकू आलं की नाही कोण जाणे. तो घोड्याचा पट्टा आवळत पाठमोरा झाला होता, आणि पट्टा केव्हाच आवळून झाला होता.

गोंबोनं बॉनेट खाली घेतलं आणि दोन्ही हातांनी दाबून लावलं. मग जीपला वळसा घालून तो उजव्या बाजूला गेला आणि तिकडचा दरवाजा उघडून आत बसला.

"खिंडीवर फोन लागतो ना?" तो आतून म्हणाला. "तेवढं वर चल. त्या माणसाला कळवतो, जीप बघायला थांबू नको म्हणून."

यांजमा जागची हलली नाही.

"आणि एक कर, आई. माझ्यासाठी कर. इथून पुढं कुठंही निघालीस तर कुणाला तरी सांगून निघत जा."

"सांगेन," ती म्हणाली. "नावानला सांगेन."

"त्याला ऐकू येत नाही."

"मग ओरडून सांगेन."

ती चढली, दरवाजा उचलून आत घेतला. गोंबोचे पाय लांब, त्यानं सकाळी सीट मागं नेली होती. तिनं ती पुढं ओढली, आणखी पुढं, तिचे पाय पोचतील तिथवर. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती रडली. मोठ्यानं, लाज न बाळगता, गोंबो बाजूला बसलेला असताना. त्यानं हीटरपुढं हात धरला आणि वारा गरम येतोय का ते बघत बसला. येत होता.

"येतोय," तो म्हणाला.

यांजमानं बाहीनं तोंड पुसलं आणि गिअर टाकला.